तिखट बार्बेक्यू सॉस कडू होतोय? आधी गुळाचा डबा बाजूला ठेवा

घरी केलेला बार्बेक्यू सॉस पातळ राहिला तर आटवता येतो. आंबट झाला तर गूळ आहे, जास्त तिखट झाला तर केचप आहे. कडू झाला की मात्र घोडं अडतं. मग आधी गूळ, तरी कडू म्हणून आणखी गूळ, त्यावर उतारा म्हणून व्हिनेगर असं करत दोन वाट्यांचा सॉस चार वाट्यांचा होतो आणि चव जिथल्या तिथे राहते. कडवटपणा गोडाने झाकता येतो तो थोडाच. बहुतेक वेळा चुकीच्या क्षणी लागलेल्या आचेने तो येतो, म्हणून नेमका कुठे शिरला ते आधी शोधावं लागतं.

लक्षणं आधी नीट बघा

तिखट, तुरट आणि कडू यांची गल्लत फार होते. तिखट जिभेवर आणि ओठांवर जळतं, तुरट जीभ आखडून टाकतं. कडू गिळताना कळतं आणि पाणी प्यायल्यावरही मागे रेंगाळतं. ते कडूच असेल, तर पुढच्यापैकी कोणतं लक्षण जुळतंय ते पाहा:

- चमचा तोंडात घालताच करपल्याचा वास आणि लगेच कडू: लसूण, मिरचीपूड किंवा पातेल्याचं बूड.
- आधी चव बरी, मग घशाशी भुकटीसारखा, खरखरीत कडवटपणा: पुडी जास्त पडल्या, किंवा मोहरी कच्ची आहे.
- राखेचा, औषधाचा किंवा डांबराचा वास: धूर.
- पितळेचा तुकडा तोंडात धरल्यासारखी चव, सॉसचा रंग काळपट: भांडं.
- बाटलीतला सॉस उत्तम, पण तो लावून कोळशाच्या शेगडीवर भाजलेला चिकन-पनीरचा तुकडा कडू: सॉसचा दोष नाहीच, तो लावण्याच्या वेळेचा आहे.
- पहिल्या दिवशी छान, चार-सहा दिवसांनी कडसर, वर बुडबुडे किंवा झाकण उघडताना फुस्स: सॉस बिघडलाय. पुढचं काही तपासू नका, टाकून द्या.

पुढची सगळी चर्चा या साधारण प्रमाणाला धरून आहे. यातून दीड ते पावणेदोन वाट्या सॉस होतो: केचप १ वाटी, व्हिनेगर अर्धी वाटी, पाणी अर्धी वाटी, चिरलेला गूळ पाव वाटीला थोडा वर, काकवी २ मोठे चमचे, मध्यम कांदा १, लसूण ४ पाकळ्या, ब्याडगी मिरचीपूड १ मोठा चमचा, लवंगी मिरचीपूड अर्धा ते १ चहाचा चमचा, मिरपूड अर्धा चमचा, मोहरीची पेस्ट १ चमचा, वूस्टरशायर सॉस १ मोठा चमचा, मीठ अर्ध्या चमच्यापासून पुढे चवीनुसार. वूस्टरशायरमध्ये बहुधा मासे असतात. शाकाहारी घरात त्याऐवजी १ चमचा सोया सॉस आणि १ चमचा चिंचेचा कोळ चालतो. तुमची कृती याहून फार वेगळी असेल तर आधी पुडींचं प्रमाण ताडून बघा.

फुकटातल्या तपासण्या

सुरुवात थंड सॉसपासून करा. गरम सॉसची चव घेऊन निदान करू नये, कारण तिखटाचा जाळ आणि व्हिनेगरची वाफ बाकी सगळं दाबून टाकतात. दोन चमचे सॉस वाटीत काढून पूर्ण निवू द्या. त्याच वाटीशेजारी शेगडीवर भाजलेला तुकडा ठेवून दोन्ही आळीपाळीने चाखा. फक्त तुकडा कडू असेल तर मधलं सगळं सोडून थेट ‘शेगडीवर कडू होत असेल तर’ या भागाकडे जा.

दोन्ही कडू असतील तर त्या दोन चमच्यांत चिमूटभर मीठ घालून ढवळा आणि परत चाखा. मीठ कडवटपणा दाबतं, बरेचदा साखरेपेक्षा चांगलं दाबतं. घरच्या सॉसला मीठ कमी पडणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण केचपमध्ये आहेच म्हणून हात आखडता घेतला जातो. मिठाने फरक पडला तर पूर्ण सॉसला पाव चमचा घाला, ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा चाखा. कित्येक वेळा काम इथेच संपतं.

मोहरी ताजी दळून किंवा पूड पाण्यात कालवून घातली असेल तर आज निकाल देऊ नका. नुकती भिजवलेली मोहरी कडू लागते, तो कडूपणा एका रात्रीत बराच उतरतो. सॉस झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि उद्या चाखा. एरवीही मिरची, व्हिनेगर आणि गूळ एकमेकांत मुरायला एक रात्र लागतेच. उतरवल्या उतरवल्या चाखून नाकं मुरडणाऱ्यांचा अर्धा त्रास उगाचच असतो.

डब्यातल्या पुडी

पैसे खर्च करण्याआधी फळीवरची प्रत्येक पूड नुसती चाखा. चिमूटभर तळहातावर घ्या, जिभेला लावा. मिरचीपूड आधी तिखट आणि मागून किंचित गोडसर लागली पाहिजे. नुसती धुळकट आणि कडू लागत असेल तर ती जुनी आहे, किंवा मिरच्या देठांसकट दळल्या आहेत, किंवा गिरणीत देण्याआधी भाजताना काळ्या पडल्या आहेत. देठ मोडून, उन्हात कडकडीत वाळवून दळलेल्या पुडीला भाजणीची गरज नसते. भाजायचीच असेल तर मिरची नुसती फुगून तिचा वास सुटेपर्यंत. खकाणा उठला म्हणजे वेळ निघून गेली.

खरी मेख मात्र प्रमाणात असते. ब्याडगी रंगासाठी आहे, तिचा तिखटपणा बेताचा. सॉस हवा तितका जहाल होईना म्हणून तिचेच तीन-चार मोठे चमचे लोटले जातात. तिखट थोडंसं वाढतं आणि भुकटीचा कडवटपणा चौपट होतो. तिखट वाढवायचं तर पूड वाढवू नका, मिरची बदला. रंगाला ब्याडगी एक मोठा चमचाच ठेवा आणि जाळासाठी लवंगी किंवा गुंटूरची तेजा पाव-पाव चमच्याने चढवा. त्याहूनही साफ मार्ग म्हणजे लवंगी मिरच्या देठ-बिया काढून गरम व्हिनेगरमध्ये २० मिनिटं भिजवायच्या, वाटायच्या आणि गाळून तो रस घालायचा. तिखट येतं, खरखर अजिबात नाही.

मिरचीखालोखाल संशय काळ्या गोडाचा घ्या. अमेरिकी कृतींत, विशेषतः कॅन्सस सिटीच्या दाट गोड सॉसमध्ये, मोलॅसिस असतं. ते म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी. तिच्या प्रतीही वेगवेगळ्या: पहिल्या उकळीची सौम्य आणि गोड, तिसऱ्या उकळीची ‘ब्लॅकस्ट्रॅप’ काळीकुट्ट आणि सरळ कडू. परदेशात राहणारे आपले लोक आरोग्याला चांगली म्हणून ही ब्लॅकस्ट्रॅप उचलतात आणि सॉसमध्ये पाव वाटी ओततात. आपली काकवी ही मळी नव्हे. गूळ घट्ट होण्याच्या आधीचा तो रस आहे, त्यातली साखर कुणी काढलेली नसते, म्हणून ती कडू नसते. काकवी कडू लागत असेल तर ती गुऱ्हाळाच्या कढईत करपलेली आहे, दुकान बदला. गुळाचंही तसंच: काळपट रंग वाईट नाही, करपट वास वाईट.

लसणाची पूड, लवंग, हळद, कोको, कॉफी यांपैकी काही घातलं असेल तर पुढच्या वेळी एकेक वगळून पाहा. बाटलीतला धुराचा अर्क या प्रमाणाला पाव चहाचा चमचा पुरे. झाकणभर ओतला की सगळं मुसळ केरात.

पातेल्याचं बूड

आता पातेलं रिकामं करून तळ बघा. मधोमध तपकिरी-काळी चकती दिसते का? सॉस दाट होत आला की त्यात साखर भरपूर आणि पाणी कमी असतं. वर नुसते ‘फद्-फद्’ बुडबुडे फुटत असतात आणि खाली लागायला सुरुवात झालेली असते. लागलेला थर उलथन्याने खरवडून सॉसमध्ये मिसळला की पूर्ण सॉस गेला.

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, आच अगदी मंद ठेवा, २० ते २५ मिनिटं लागू द्या आणि शेवटची दहा मिनिटं हात थांबवू नका. उलथनं तळावरून ओढल्यावर मागे रेघ राहिली आणि ती दोन सेकंदांत भरली की आच बंद. निवल्यावर सॉस आणखी दाटतो, म्हणून गॅसवर केचपइतका दाट करायचाच नसतो. बूड लागल्याचं मध्येच कळलं तर खरवडू नका, ढवळूही नका. वरचा सॉस सावकाश दुसऱ्या पातेल्यात ओता, खालचा बोटभर थर सोडून द्या.

बूड नेहमी एकाच जागी लागत असेल आणि तिथली ज्योत पिवळी किंवा उंच दिसत असेल, तर दोष बर्नरचा आहे. छिद्रं टाचणीने साफ करून बघा. तरीही पिवळी राहिली तर गॅसवाल्या मेकॅनिकला बोलवा, नळी आणि जेटशी स्वतः खेळू नका.

क्रम

वरचं सगळं ठीक निघालं तर अर्ध्या प्रमाणाचा नवा सॉस करून क्रम तपासावा लागतो. इथे एक-दीड तास आणि थोडं सामान जातं, पण बहुतेक गुन्हेगार इथेच सापडतात.

कांदा कच्चा वाटू नका. कच्च्या कांद्याचं वाटण तेलात पडलं की कडू व्हायला वेळ लागत नाही. कांदा बारीक चिरून मंद आचेवर मऊ आणि पारदर्शक होईतो परता, साधारण ८ मिनिटं, आणि वाटायचा तो सॉस शिजल्यावर. लसूण कांद्याबरोबर टाकायचा नाही. कांदा मऊ झाल्यावर टाका आणि अर्धा मिनिट, फार तर पाऊण. कडा सोनेरी दिसायला लागल्या की ओलं काहीतरी आत पडलंच पाहिजे. गडद तपकिरी झालेली एक पाकळी अख्ख्या पातेल्याला पुरते.

मिरचीपूड फोडणीत टाकायची आपल्या हाताला सवय असते, आणि तीच इथे नडते. आमटीच्या फोडणीत पाठोपाठ डाळ-पाणी पडतं, म्हणून निभावतं. इथे पूड चमचाभर, वर लवंगी, तेल तापलेलं आणि केचपची बाटली अजून फ्रिजमध्ये. दहा-पंधरा सेकंदांत पूड लालची विटकरी होते, विटकरीची काळी. म्हणून सगळ्या पुडी आधीच व्हिनेगरमध्ये कालवून वाटीत तयार ठेवा. लसूण झाला की गॅस बंद करा, ती वाटी ओता, मग केचप, पाणी, गूळ, काकवी, आणि मग पुन्हा मंद गॅस. तिखटपणा तेलात जास्त उतरतो हे खरं आहे, पण कांदा परतलेलं तेल पातेल्यात असतंच. शिजताना तो उतरतो, फोडणीची घाई नको.

लिंबू पिळायचं असेल तर सॉस कोमट झाल्यावर. उकळलेला लिंबाचा रस कडसर होतो, आणि साल दाबून पिळलं की सालातलं कडू तेलही येतं.

मिक्सर

केचपऐवजी ताजे टोमॅटो वापरत असाल तर शिजवून आधी पुरणयंत्रातून किंवा गाळणीतून काढा, बिया वेगळ्या करा. मिक्सरमध्ये जोरात फिरवल्याने टोमॅटोच्या बिया फुटतात आणि कडवटपणा सोडतात, चुकून राहिलेली लिंबाची बी तर विचारूच नका. ऑलिव्ह तेल, त्यातही एक्स्ट्रा व्हर्जिन, मिक्सरमध्ये फिरलं की कडू होऊ शकतं. साधं शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल वापरा.

भांडं

व्हिनेगर, टोमॅटो आणि चिंच, तिन्ही आंबट. लोखंडी कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ते अर्धा तास उकळले की धातू सॉसमध्ये उतरतो आणि चव बिघडते. खात्री करायची तर त्याच सॉसचं पाव प्रमाण स्टीलच्या भांड्यात करा. फरक पहिल्या चमच्याला कळेल.

पितळेच्या किंवा तांब्याच्या पातेल्याची गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न चवीपुरता राहत नाही. आतली कल्हई उडालेली असेल, म्हणजे पांढुरक्या थराखालून पिवळं किंवा तांबूस दिसत असेल, तर त्यातला सॉस चाखूनही बघू नका. टाकून द्या आणि भांडं कल्हईवाल्याकडे न्या. घरी घासून, चिंच लावून ते वापरण्याजोगं होत नाही.

धूर

घरी धुराचा वास आणायला आपल्याकडे पेटत्या कोळशावर तूप सोडून झाकण ठेवतात. चुकतं ते वेळेत. झाकण पंधरा मिनिटं तसंच राहतं. सुरुवातीचा पातळ धूर सुगंधी असतो, नंतर तूप जळून दाट, पांढुरका, डोळ्यांत जाणारा धूर साचतो आणि सॉसच्या पृष्ठभागावर बसतो. कोळसा पूर्ण लाल, वर राखेची साय आलेला हवा, तूप अर्धा चमचा, झाकण दोन ते तीन मिनिटं. कोळशाची वाटी उचलली की सॉस लगेच ढवळू नका. वर तुपकट काळसर तवंग असेल तर आधी चमच्याने काढून घ्या.

कोळसा लाकडाचा हवा. रॉकेल टाकून पेटवलेला किंवा पेटवण्याचं रसायन लावलेला कोळसा सॉसजवळ आणू नका. धुरी देताना खिडकी उघडी हवी. शेगडी तर बंद गॅलरीत किंवा खोलीत पेटवायचीच नाही, कोळशातून येणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. डोकं जड झालं, मळमळलं तर सॉस-बिस सोडून आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टर गाठा.

शेगडीवर कडू होत असेल तर

अमेरिकी कृती जशीच्या तशी आपल्या शेगडीवर का बिघडते याचं उत्तर आचेत आहे. तिकडे मांस झाकणबंद भट्टीत साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसला तासन्‌तास शिजतं. त्या आचेला साखर जळत नाही, गोड सॉस लावून तो सावकाश चकाकू देता येतो. आपण मात्र निखाऱ्यांच्या चार बोटं वर जाळी ठेवतो. तिथे आच २५० अंशांच्या पुढे सहज जाते. साखर १६० च्या आसपास तपकिरी व्हायला लागते आणि त्यानंतर काळी व्हायला मिनिटंही लागत नाहीत. पूर्व नॉर्थ कॅरोलायनात सॉस सुरुवातीपासून शिंपडत राहतात, पण तो व्हिनेगर-मिरचीचा पातळ सॉस, त्यात साखर नाममात्र. कॅन्सस सिटीच्या गोड सॉसला तो न्याय लावला की कोळसाच हाती येतो.

म्हणून चिकन, पनीर, मका, काहीही असो, आधी फक्त मीठ, मिरची, तेल आणि थोडं व्हिनेगर लावून भाजा. सॉस शेवटची दहा मिनिटं. निखारे एका बाजूला सारा, तुकडे दुसऱ्या बाजूला घ्या, पातळ हात द्या, तीन-चार मिनिटांनी उलटून दुसरा हात. चिकन आतपर्यंत शिजल्याशिवाय सॉसला हातच लावू नका. थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड भागात ७४ अंश. रात्रभर सॉसमध्येच मुरवलेले तुकडे असतील तर जाळीवर ठेवण्याआधी बोटांनी निपटून काढा. जाळी आधी तारेच्या ब्रशने घासा, कारण मागच्या वेळचा जळका थर नव्या तुकड्याला चिकटतो आणि दोष विनाकारण सॉसवर येतो.

कच्च्या चिकनला लागलेला ब्रश बाटलीत बुडवू नका. वाटीत काढलेला उरलेला सॉस बाटलीत परत ओतायचा नाही.

वाचवायचा की टाकायचा

पुडींचा किंवा मोहरीचा सौम्य कडवटपणा असेल तर एक भाग कडू सॉसला दोन भाग नवा, पुडी न घातलेला सॉस मिसळा, मीठ सुधारा. लगेच संपवायचा असेल तर गरम सॉसमध्ये मोठा चमचाभर लोणी ढवळा, स्निग्धामुळे कडू बोथट होतं. बूड लागल्याचा, करपल्या लसणाचा, जळक्या धुराचा कडवटपणा यातल्या कशानेही जात नाही. तिथे गूळ घालणं म्हणजे शेगडीवर आणखी जळायला आणखी साखर पुरवणं. खायचा सोडा तर मुळीच नको. तो आंबटपणा मारतो, कडू तसंच ठेवतो, आणि सॉस टिकवणारं आम्लच काढून घेतो.

आम्लाचं महत्त्व विकणाऱ्यांनी जास्त लक्षात घ्यावं. फ्रिजमध्ये, स्वच्छ कोरड्या बाटलीत वरच्या प्रमाणाचा सॉस दोन-तीन आठवडे घरी वापरायला ठीक. पण दिवाळीच्या स्टॉलवर किंवा सोसायटीत बाटल्या विकायच्या असतील, विशेषतः फ्रिजबाहेर ठेवायच्या असतील, तर चवीवरून अंदाज बांधू नका. सॉसचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असावा लागतो. लसूण-कांद्याच्या कमी आंबट, हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचं विष चवीला, वासाला कळत नाही. नमुना अन्नतपासणी प्रयोगशाळेत द्या, लेबल आणि एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणीचं त्या कामातल्या जाणकाराकडून करून घ्या. प्रमाणात एक जरी बदल केला, व्हिनेगर कमी केलं, टोमॅटो ताजे घेतले, तरी नमुना पुन्हा तपासायला द्यावा लागतो.